तेलाचा आळ

आमच्या घरात एका वर्षी दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत एकच भांडण चाललं. भांडण तेलावरून. तेल किती, तर करंगळीच्या टोकाला लागेल एवढं. ते मी बंदुकीच्या नळीत घातलंच नव्हतं, हे मी तेव्हाही ओरडून सांगत होते आणि आजही कोणी विचारलं तर मनातल्या मनात तेच सांगते.

बंदूक म्हणजे छऱ्याची, लायसन लागत नाही ती. ती यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. वर्ध्याजवळ नालवाडीच्या पुढं आमचं भाजीपाल्याचं वावर आहे. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर, उन्हाळ्यात भेंडी. घरही वावरातच. माणूस तसा भाजीवाला, पण कॉलेजात असताना नेमबाजीच्या नादी लागला आणि तो नाद काही सुटला नाही. दरवर्षी दिवाळीनंतर नागपूरला स्पर्धा असते, तिच्यात वयस्कर लोकांचा वेगळा गट असतो. साध्या साईटची बंदूक, दहा मीटरवर कार्ड, उभं राहून मारायचं. त्या एका दिवसासाठी हे वर्षभर जीव टाकायचे. एरवी फाटक्या बनियनवर फिरणारा माणूस त्या दिवशी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून निघायचा, आणि मी दारात उभी राहून म्हणायची, "अजी, नवरी पाहायले चालले का?"

मी लग्न होऊन आले तेव्हा आलमारीत माझ्या लुगड्यांच्या शेजारी ही बंदूक उभी. मला वाटलं, बापानं डाकूच्या घरी दिली की काय! यांनी हसून ती बाहेर काढली आणि पहिल्याच आठवड्यात मला चालवायला शिकवली. नवी नवरी हातातला चुडा वर सारून नेम धरते, हे पाहायला सासू चुलीपासून उठून आली होती. मला ते जमलं. यांना त्याचा फार आनंद झाला. सगळ्यांना सांगत फिरले.

तर मला त्यातलं कळत नाही असं नाही. झिरो म्हणजे काय ते मला यांनीच समजावलं. डोळा, मागच्या साईटची खाच, पुढच्या टोकावरची माशी आणि कार्डावरचा काळा ठिपका हे सगळं एका रेषेत आलं की छर्रा तिथंच गेला पाहिजे. गेला, म्हणजे बंदूक झिरोवर आहे. आणि एकदा बसवलेला झिरो टिकवणं हे खरं काम. दर वेळी मारायच्या आधी दस्त्याचे, म्हणजे मागच्या लाकडाचे, स्क्रू पाहायचे, कारण आतली स्प्रिंग दर छऱ्याला हादरा देते आणि स्क्रू हळूहळू ढिले होतात. ताणून ठेवलेली बंदूक तशीच सोडायची नाही, स्प्रिंग मरते. पावसाळ्यात लाकूड फुगतं, म्हणून सुती कापडात गुंडाळून ठेवायची. मागच्या साईटचा स्क्रू सरकला की नाही हे कळावं म्हणून त्याच्यावर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढायची. ती नेलपॉलिश आमच्या मुलीची, ती लग्न होऊन कारंज्याला गेली तेव्हा ड्रॉवरमध्ये राहून गेलेली. आणि बंदूक आवळून धरायची नाही. "ते उडते, तं तिले उडू दे. दर वेळी सारखीच उडली पाह्यजे," हे म्हणायचे.

अजून एक गोष्ट शिकवली होती. पाच छर्रे मारायचे. पाचही एका जागी बसले, मग ते ठिपक्याच्या बाहेर का असेनात, तर बंदूक ठीक आहे, नुसता स्क्रू फिरवून ते आत आणायचे. पण पाच छर्रे पाच दिशेला गेले तर झिरोचा प्रश्नच नाही. मग दोष बंदुकीत आहे, नाहीतर मारणाऱ्यात.

आता दसऱ्याचं. दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या अवजारांची पूजा होते. विळे, कुदळ, फवारणीचा पंप, मोटर, वजनकाटा, सगळं धुऊन-पुसून अंगणात मांडायचं. बंदूकही मांडायची. हे दरवर्षी बजावायचे, "बंदुकीले नुसतं फूल वाह्यजो." पण नुसत्या फुलानं माझं मन भरत नाही. मी दस्त्याच्या लाकडावर कुंकवाचं बोट लावते. आणि पॉलिश केलेल्या लाकडावर कोरडं कुंकू टिकत नाही, म्हणून खाली तेलाचा एक ठिपका. दस्त्यावर! नळी तिथून हातभर लांब. इतकी वर्षं लावत होते, कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी सकाळी हे घरामागच्या टिनाच्या शेडात सरावाला गेले. मी भाकरी टाकत होते. थोड्या वेळानं कार्ड हातात घेऊन आले आणि ते माझ्या परातीशेजारी आपटलं. पाच छर्रे पाच दिशेला.

"तेल कुठी लावलं तू?"

"दस्त्याले. जिथं दरवर्षी लावतो तिथंच."

"नळीत गेलं ते. नळी खाली करून ठेवली, तेल उतरलं आत. सत्यानाश केला तू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, "अजी, तुम्हीच सांगतलं न मले? नळीत तेल गेलं तं ते आत पेटते, धूर निघते, फट्टकन आवाज होते. निघाला धूर? मी इथं बसून हाओ, मले तं रोजच्यासारखाच आवाज आला."

"निघाला थोडासा," हे म्हणाले आणि बाहेर गेले.

तिथून सुरू झालं. यांनी बंदूक खोलली. आतून सगळं कोरडं पुसलं, नळीतून कापड ओढलं, आतली चकती, म्हणजे वायसर, नवा टाकला. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. मग म्हणे स्प्रिंग. नागपूरहून स्प्रिंग आली. मग म्हणे छर्रे बेकार आले यंदा. काचेच्या तुकड्यावर एकेक छर्रा घरंगळून पाहायचे, वाकडा जाईल तो बाजूला. मग म्हणे लाकूड फुगलं असेल. ऑक्टोबरच्या त्या उन्हात आमच्याकडे लाकूड काय फुगतं? माणूस वाळून जाईल! नेलपॉलिशची रेघ जिथं होती तिथंच होती, तरी तो स्क्रू रोज इकडे-तिकडे फिरवायला लागले, आणि रेघ तुटली. प्रत्येक नव्या कारणाच्या शेवटी माझं तेल यायचंच. "तेलानं वायसर खाल्ला, मंग स्प्रिंगवर ताण आला." असं. सगळ्याचं खापर माझ्या करंगळीवर.

मीही गप्प बसणारी नाही. माझं तोंड सुटलं की वावरातली पाखरं उडतात, असं सासू म्हणायची. जेवताना भांडण, वावराला पाणी देताना भांडण. शेजारच्या वावरातल्या बाया विचारायच्या, "आज कायचं वं?" मी म्हणायची, "तेच. तेलाचं." त्या हसायच्या. त्यांचे कान किटले होते.

दिवाळीनंतर हे नागपूरला गेलेच. पांढरा शर्ट घालून. त्या वेळी मी दारातून काही बोलले नाही, राग होता. संध्याकाळी परत आले तेव्हा बंदूक खाली ठेवली आणि तसेच शर्टानिशी खाटेवर पडले. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाले, "बंदुकीनं धोका देल्ला." जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग मोठा होता. मी म्हटलं, "चांगलं झालं. अजून करा माह्या नावानं बोंब." हे बोलायला नको होतं, हे तेव्हाही कळत होतं.

मग वांग्यांची गोष्ट झाली. वांगी तोडणं हे यांचं काम. तोडतानाच हा माणूस किडकं वांगं ओळखायचा, देठाजवळ टाचणीएवढं छिद्र असलं तरी. आमच्या कॅरेटमध्ये कधी किडकं निघत नाही, हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. डिसेंबरात आमच्या नेहमीच्या भाजीवालीनं एक अख्खं कॅरेट परत केलं. निम्मी वांगी छिद्रांची. मी ती सगळी अंगणात यांच्यापुढं ओतली. "लक्ष कुठी राह्यते तुमचं? त्या बंदुकीत! हे पाहा, हे पाहा, एवढाले छेद दिसत नाई?" हे खाली बसले, एक वांगं हातात घेतलं, फिरवलं. परत ढिगात ठेवलं. एरवी जीव गेला तरी उलट उत्तर देणारा माणूस. मला वाटलं, जिरली एकदाची. मला खरंच असं वाटलं.

संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधी मी ठरवलं, आता हे प्रकरण मिटवायचंच. हे भाजी घेऊन गेले होते. मी बंदूक काढली, दस्त्याचे स्क्रू घट्ट केले, आणि शेडात तुरीचं कट्टं, म्हणजे भरलेलं पोतं, आडवं टाकलं. उभं राहून मारण्याएवढा हात आता माझा राहिला नव्हता. कट्ट्यावर हात टेकला, हातावर बंदूक ठेवली, आवळली नाही. पहिला मारला, दुसरा मारला. पाचवा मारून मी कार्डापाशी गेले आणि मोठ्यानं ओरडले. एकटीच होते तरी ओरडले. पाचही छर्रे एका ठिकाणी! काळ्या ठिपक्याच्या बाहेर, डाव्या अंगाला खाली, कारण यांनी तो स्क्रू फिरवून फिरवून पार तिकडे नेला होता. पण एका ठिकाणी. बोराच्या बीएवढं एकच छिद्र.

म्हणजे बंदूक धडधाकट. वायसर ठीक, स्प्रिंग ठीक, नळी ठीक. आणि माझं तेल निर्दोष! मी अक्षरशः नाचले हो त्या शेडात. तेवढ्यात यांची गाडी आली. मी कार्ड नाचवत सामोरी गेले. "घ्या! पाहा! माह्या तेलाचं नाव घेत होते न? पाहा आता!"

यांनी कार्ड घेतलं. जवळ नेलं, लांब नेलं. उन्हाकडे फिरवलं.

"एकच मारला का?" म्हणाले.

"एक? पाच मारले, पाच! एकावर एक बसले."

यांनी डाव्या डोळ्यावर हात धरला आणि उजव्यानं पाहिलं. मग हात काढला. मग कार्ड उलटं केलं आणि मागच्या बाजूनं, जिथं छऱ्यानं कागद फाटून वर आलेला असतो, तिथं अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिले.

"हाव," म्हणाले. "पाच असन."

"असन काय? दिसत नाई का तुम्हाले?"

हे वाक्य मी त्याच सुरात बोलले, ज्या सुरात तीन महिने बोलत होते. बोलून झाल्यावर मला ते ऐकू आलं. हे तुरीच्या कट्ट्यावर बसले होते. कार्ड मांडीवर होतं. मला ती छिद्रांची वांगी आठवली, आणि मी ती कशी यांच्यापुढं ओतली ते आठवलं.

"उजव्यानं काठाकाठानं दिसते," हे म्हणाले. "मधात नाई दिसत. मधात जिथं पाहावं तिथंच नाई दिसत."

मी यांच्या मांडीवरचं कार्ड उचलून बाजूला ठेवलं.

"तुह्या तेलानं झालं असतं तं बरं झालं असतं न वं," हे म्हणाले.

तीन महिन्यांचं भांडण मी जिंकले होते. माझ्या जिंकण्याला आग लागो. मी यांच्याशेजारी त्या कट्ट्यावर बसले आणि रडले, अगदी मोठ्यानं, माहेराहून निघाले होते तेव्हा रडले होते तशी. हे माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणत होते, "उगी राय. एक हाये न चांगला."

तोही तितकासा चांगला नव्हता. नागपूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात गेलो. यांना शुगर होती, हे आम्हाला माहीत होतं. गोळी कधी घेतली, कधी नाही, चहात अर्धा चमचा टाकला की पथ्य पाळलं, असा आमचा हिशेब. डोळ्याशी तिचा काही संबंध असतो हे आम्ही कुठून जाणणार? डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला मऊ होत्या. यांच्या डोळ्यांत थेंब टाकले, अंधाऱ्या खोलीत मशीनपुढं हनुवटी टेकवून बसवलं. मग आम्हाला समोर बसवून सांगितलं की डोळ्याच्या आतल्या पडद्यावर रक्त झिरपलं आहे. उजव्याचा मधला भाग गेला, तो आता येणार नाही. डाव्यात सुरुवात आहे, पण इंजेक्शनं घेतली, शुगर आवरली, तर तो टिकवता येईल.

"कधीपासून दिसत नव्हतं?" त्यांनी विचारलं.

"दसऱ्यापासून," मीच सांगितलं. तोंडपाठच होतं मला ते.

"नाई," हे म्हणाले. "घट बसले त्या दिवशी. सकाळी सरावाले उभा राह्यलो, अन् माशी दिसेच ना. पुसली. तरी नाई दिसली."

मी यांच्या तोंडाकडे पाहिलं. घट बसतात नवरात्राच्या पहिल्या दिवशी. माझं तेल लागलं दसऱ्याला.

बाई म्हणाल्या, लगेच आले असते तर उजव्याचंही काहीतरी करता आलं असतं. त्या रागावल्या नाहीत, सहज म्हणाल्या. मी मान हलवली. पुढचं काही मला ऐकू आलं नाही.

बाहेरच्या बाकावर हे काळा चष्मा लावून बसले होते. थेंबांनी काहीच दिसत नव्हतं, म्हणून माझं कोपर धरलं होतं. माझ्या मनात आलं, हे कोपर हिसकावून घ्यावं, या माणसाला इथंच सोडून बसस्टँडवर निघून जावं. इतका राग मला जन्मात कधी आला नव्हता. आणि त्याच वेळी मला हेही वाटत होतं की कोणी यांना धक्का मारून जाऊ नये. मी सरकून बाहेरच्या अंगाला बसले.

"काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं असतं तं खरं झालं असतं."

"अन् माह्यावर आळ घेतला तो?"

यांनी चष्मा सारखा केला. मग म्हणाले, "नवरात्रभर मी देवाले म्हणत होतो का बंदूकच बिघडली असू दे. दसऱ्याले सकाळी दस्त्यावर तेल दिसलं. मले वाटलं, पावला."

मी काय बोलू? तुम्ही सांगा. त्या माणसाला मी काय बोलायला पाहिजे होतं? मी पदरानं त्याच्या चष्म्याखालून वाहणारं पाणी पुसलं. थेंबांचं होतं की कशाचं, मी विचारलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र मी खूप बोलले, वर्धा येईपर्यंत बोलले, आणि यांनी सगळं ऐकून घेतलं.

डावा डोळा अजून आहे. इंजेक्शनांना जातो आम्ही. डोळ्यात सुई जाताना हे माझा हात धरतात आणि मी भिंतीकडे पाहते. वांगी आता मी तोडते. बंदूक आलमारीतच आहे. हे ती महिन्यातून एकदा काढतात, हातानं चाचपून स्क्रू घट्ट करतात, कोरड्या कापडानं पुसतात, आणि पुन्हा गुंडाळून ठेवतात. मला म्हणाले होते, तुह्या डोळ्यानं झिरो करून ठेव, बंदूक बरी राह्यते. मी नाही केलं. यांनी पुन्हा म्हटलं नाही.

गेल्या हिवाळ्यात जाम गावचे यांचे एक जुने मित्र आले. दोघं कॉलेजात एकत्र नेम मारायचे. बऱ्याच वर्षांनी आले होते, डोळ्याचं त्यांना काही माहीत नव्हतं, आणि यांनी सांगू नको म्हणून मला आधीच बजावलं होतं. अंगणात खाटेवर बसले, इकडचं तिकडचं झालं, आणि मग त्यांनी विचारलंच. "काऊन गा, नागपूरले येनं सोडलं तू? आम्ही वाट पाह्यतो राजा."

यांनी मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या थोडं बाजूला. आता हे असंच पाहतात, काठानं. तो चेहरा मला पाहवला नाही.

"माह्यानंच झालं भाऊजी," मी म्हटलं. "दसऱ्याच्या पूजेले तेल लावलं म्या, ते गेलं नळीत. बंदूक गेली कामातून."

"अरारारा!" भाऊजी कपाळाला हात लावून हसायला लागले. "वहिनी, काय केलं हे? एवढी चांगली बंदूक!"

यांनी खाटेवर हात फिरवत चहाची बशी शोधली. ती मी सरकवून बोटांखाली दिली.

"जाऊ दे गा," हे म्हणाले. "तिले काय समजते त्यातलं."

"हाव न," मी म्हटलं. "मले काय समजते."